प्रोसेसरचा आकडा आणि खोलीचा पारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात संगणक कसा सांभाळावा यावर मजकूर होता. बाकीच्या सूचना ठीकच आहेत. पण ‘प्रोसेसरचं तापमान ६० अंशांच्या वर गेलं की धोका समजावा’ हे वाक्य वाचून राहवेना, म्हणून लिहिते आहे. या हिशेबाने माझ्या दुकानातलं मशीन मार्च ते जून रोजच धोक्यात असतं. आणि ते २०१८ पासून चालू आहे.

माझं अकोल्यात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्सचे डिझाइन. मशीनमध्ये इंटेलचा कोअर आय-३ ८१०० प्रोसेसर, त्यावर डब्यातच आलेला लहानसा कुलर, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा. (आमच्याकडे कुलर म्हटलं की लोक पाण्याचाच समजतात, आणि अख्ख्या कॅबिनेटला सीपीयू म्हणतात. त्यामुळे ‘सीपीयू गरम होतोय, कुलर बघा’ या वाक्याचा अर्थ गिऱ्हाइकागणिक बदलतो.)

बिलबुकाच्या एका जुन्या नमुना प्रतीच्या मागच्या पानांवर मी गेली काही वर्षं नोंदी ठेवते. भिंतीवरच्या थर्मामीटरवरून खोलीचं तापमान, आणि ‘कोअर टेम्प’ नावाच्या फुकट प्रोग्रॅमवरून प्रोसेसरचं. मशीन नुसतं चालू असताना एकदा, आणि मोठ्या फ्लेक्स फायली एकामागून एक एक्स्पोर्टला लावून दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्यांदा. जानेवारीतली एक सकाळ: खोली १८, कामात प्रोसेसर ५८. मे महिन्यातली दुपार: खोली ३९, कामात ७९. फरक दोन्ही वेळा ४० अंशांचाच. पंखा खोलीतलीच हवा कुलरवर मारतो, तेव्हा खोली जेवढी चढेल तेवढा प्रोसेसरही चढणारच. मे महिन्यातले ७९ म्हणजे तब्येत ठणठणीत. हेच ७९ जानेवारीच्या सकाळी दिसले असते, तर मी तेव्हाच कॅबिनेट उघडलं असतं.

वरची हद्दही प्रत्येक प्रोसेसरची वेगळी असते. माझ्या आय-३ ची इंटेलने १०० अंश दिली आहे. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन ५ ५६००एक्सची ९५. रायझन ७००० मालिका २०२२ मध्ये आली तेव्हा तर कंपनीनेच सांगितलं होतं की भरपूर काम पडलं की हे प्रोसेसर ९५ पर्यंत जातील, ते तसेच बनवले आहेत. मग साठ-सत्तरचा आकडा आला कुठून? माझा अंदाज असा की तो जुन्या तक्त्यांतून आला असावा. आय-५ २४०० साठी इंटेल ७२.६ अंश देत असे, पण ते प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणाचं तापमान. प्रोग्रॅम दाखवतो तो आतल्या सेन्सरचा आकडा, आणि आत नेहमीच जास्त असतं. झाकणाची मर्यादा आतल्या आकड्याला लावली की घाबरायला होणारच.

आता खरंच जास्त तापल्याचं एक उदाहरण सांगते. त्यात दोष माझाच होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिनिंग आहे. हंगामात कापसाचे तंतू उडून सगळीकडे बसतात, आणि कुलरच्या पात्यांमध्ये त्यांची अक्षरशः गादी तयार होते. दिवाळीच्या साफसफाईत मी ती ब्रशने काढली. तेव्हा कुलरला धक्का बसला असणार. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची गर्दी सुरू झाली आणि कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर अडखळायला लागलं. पाहिलं तर खोली २९ आणि प्रोसेसर ९८. त्याहून बोलका होता तो वेग. या प्रोसेसरला टर्बो, म्हणजे गरज पडली की वेग आपोआप वाढवायची सोय, नाही; भार पडला की त्याने सरळ ३.६ गिगाहर्ट्झवर चालायचं. तो २.४ वर येऊन पुन्हा चढत होता. हद्दीजवळ गेला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो, आणि तरीही आटोक्यात आलं नाही तर मशीन बंद पडतं. म्हणजे पटकन जळून जात नाही, पण काम रखडतं.

दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने मशीन चालू ठेवून कुलरच्या धातूच्या पात्यांना (पंख्याच्या नव्हे) बोट लावलं. ‘काकू, हात लावून पाहा, गार हाये. कुलर बराबर हाये, प्रोसेसरच गेला.’ बोर्डासकट बदलायचे चौदा हजार सांगितले. मीही बोट लावलं. पाती खरंच जेमतेम कोमट होती. त्याच्यासमोर काही सुचलं नाही, पण घरी येताना रिक्षात डोक्यात आलं, आत ९८ आणि वर कोमट, मग मधली उष्णता गेली कुठे? तव्याखाली जाळ आहे आणि तवा गार, म्हणजे तवा चुलीवर नीट बसलेलाच नाही.

तसंच निघालं. कुलर बोर्डाला चार प्लास्टिकच्या पिनांनी धरलेला असतो. त्यातली एक वर आली होती आणि तो कोपरा उचलला गेला होता. प्रोसेसरची उष्णता कुलरकडे नीट जावी म्हणून दोघांच्या मध्ये लावलेली जुनी पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली. ती पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली आणि समोरासमोरच्या पिना ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबल्या. खोली २९, कामात ६९, वेग ३.६. पेस्टच्या ट्यूबमध्ये अजून निम्मी शिल्लक आहे.

म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी आकडा छापाल तेव्हा त्याच्यासोबत खोली किती, काम कोणतं आणि त्या प्रोसेसरची कंपनीने दिलेली हद्द किती, हेही छापा. परवाच एक ओळखीचे गृहस्थ तुमचं कात्रण घेऊन आले. मशीन ६४ अंश दाखवत होतं, खोली ३८. नवीन घ्यायला निघाले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आज दुपारी तीनची नोंद: खोली ४०, नुसतं चालू असताना ५२, कामात ८०, वेग पूर्ण ३.६. हे पत्र त्याच मशीनवर टाइप केलं आहे.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, अकोला