घर कुठं बांधायचं ते मुलीच्या दहावीनं ठरवलं

मा. संपादक साहेब, स. न.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत सेटल कुठं व्हावं यावर मोठा लेख आला होता, पुणे बरं की बंगळुरू बरं की हैदराबाद, ट्रॅफिक किती, हवा कशी, टू बीएचके केवढ्याला. लेख वाईट नव्हता. पण वाचताना मला आमच्या मार्केटातलं गिऱ्हाईक आठवलं. मी सुरतच्या रिंग रोडवर एका साडीवाल्याकडं अकाउंट बघतो, तिथं लोक येतात आणि ही नको ती दाखवा, तिचा काठ दाखवा, असं तासभर चालतं. राज्य असं निवडता येत असतं तर आमच्या घरात तीन वर्षं जे चाललंय ते चाललं नसतं.

आमचं गाव धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला गाडीतून उतरून पुढं. वडील १९८४ ला लूमवर कामाला सुरतला आले, मी तेव्हा दोन वर्षांचा. लिंबायतला खोली, म्युनिसिपालटीची मराठी शाळा (ती सोय सुरतेत आजही आहे हे महाराष्ट्रात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, गुजराती हिंदी उर्दू उडिया तेलगू इंग्रजी आणि मराठी अशा सात माध्यमांच्या शाळा महापालिका चालवते). लिंबायत, उधना, डिंडोली या भागात निम्मी गल्ली खान्देशची. श्रावणात खान्देशची देवी कानबाई बसते, तिचे रोट होतात, आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) उधन्याहून सुटणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे आम्ही परराज्यात राहतो असं आम्हाला कधी वाटलंच नाही, कागद काढायची वेळ येईपर्यंत.

आता कुणी म्हणेल मग प्रश्न काय, सुरतलाच घर घ्या. तेवढं सोपं नाही, कारण सुरतनं आम्हाला तीनदा गावी पाठवलंय.

पहिल्यांदा १९९४ च्या सप्टेंबरात, प्लेगच्या वेळी. मी बारा वर्षांचा होतो, स्टेशनवर जी गर्दी बघितली तशी परत कधी बघितली नाही, वडिलांनी मला खिडकीतून आत ढकललं आणि आई दुसऱ्याच डब्यात चढली ती नंदुरबारला सापडली. गावात पोचलो तर थेट घरात घेतलं नाही, मळ्यातल्या खोलीत आठ दिवस ठेवलं, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या आणि लांबूनच भाकरी. आजी रोज बांधावर येऊन बसायची आणि तिथूनच बोलायची. महिन्याभरात परत सुरत. दुसऱ्यांदा २००६ च्या ऑगस्टात, उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि शहर बुडालं, आमच्या खोलीत छताला हात लागेल एवढं पाणी, माझी बी.कॉम.ची सगळी पुस्तकं गेली. आणि तिसऱ्यांदा २०२०, ते सगळ्यांनाच माहितीय, ते सांगत नाही. तिन्ही वेळा गावानं पोसलं, तिन्ही वेळा आम्ही परत गेलो कारण गावात प्रेम आहे पण पगार नाही. कोरडवाहू चार बिघे, त्यात कापूस, त्याच्यावर दोन भावांची घरं चालत नाहीत.

त्यामुळं वडिलांचं मत असं झालं की काम सुरतला, पण घर गावाला बांधायचं, पाया तिकडं पाहिजे. माझ्या बायकोचं मत उलटं. ती म्हणते गुजरात, आणि कारण एकच, दारूबंदी. तिच्या माहेरी जे झालंय ते तिनं बघितलंय म्हणून मी तिच्याशी वाद घालत नाही, पण सुरतेत मिळत नाही असं काही नाही हे तिलाही माहितीय. आत्याचं मत तिसरंच. दरवेळी अहिराणीत विचारते, "तठे तुन्हं काय शे रे भो?" म्हणजे तिकडं तुझं काय आहे रे. चाळीस वर्षं होऊन गेली तिथं, अजून हाच प्रश्न. आणि मोटारसायकलला जीजे ०५ चा नंबर बघून गावातल्या गल्लीतली पोरं म्हणतात गुजराती उना, म्हणजे आला. सुरतेत मात्र आम्ही महाराष्ट्रीयन. असो.

बाकी हिशोब मी अकाउंटवाला असल्यामुळं वहीत दोन बाजू करून मांडला होता. आजारी पडायचं तर गुजरात, तिथं आयुष्मान कार्डवर कुटुंबाला १० लाखांपर्यंत उपचार आहेत, महाराष्ट्रात ५ लाख. बहीण व्हायचं तर महाराष्ट्र, भावाच्या बायकोला महिन्याला १५०० येतात, माझ्या बायकोला नाही. दोघी जावा फोनवर यावरून हसतात पण माझी बायको फोन ठेवल्यावर हसत नाही. बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी, गुजरातेत नोंदणी फी माफ. म्हणजे इकडून तिकडून सारखंच. रस्ते, लाईट, पाणी सुरतचं चांगलं, यात मला गावाचा अभिमान आडवा येत नाही, २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला नंबर उगाच आला नाही, आणि १९९४ चं सुरत ज्यानं बघितलंय त्याला ते जास्त कळतं. पण या सगळ्या बेरजा-वजाबाक्या फुकट गेल्या. निकाल लावला तो मुलीच्या कागदांनी.

मुलगी आता नववीत आहे. तिला डॉक्टर व्हायचंय, होईल न होईल तो पुढचा भाग. दोन वर्षांपूर्वी मनात आलं की तिला आजी-आजोबांकडं धुळ्याला शिकायला ठेवावं आणि मागून आपणही यावं (वडिलांनी धुळ्यात भाड्यानं घर घेतलंय, दवाखाना जवळ म्हणून). तेव्हा चौकशी केली आणि हळूहळू कळत गेलं. महाराष्ट्रात मेडिकलला राज्यासाठी ठेवलेल्या ८५ टक्के जागांत बसायचं तर आमच्यासारख्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पाहिजे. नुसती बारावी चालत नाही. डोमिसाईलला, म्हणजे रहिवासी दाखल्याला, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य, गुजरातेत १०. मुलगी जन्मली सुरतला, शिकली सुरतला, तिचं गुजरातचं सगळं आपोआप होतं. म्हणजे दहावीच्या आत हलवायचं, नाहीतर हलवायचंच नाही, मधला रस्ता नाही.

बरं हलवायचं म्हटलं तर भाषा. लोक म्हणतील मराठीच तर आहे. माझ्या मुलीला अहिराणी फाडफाड येते, मराठी कळते, पण ती शिकली गुजरात बोर्डाच्या इंग्रजी शाळेत जिथं गुजराती शिकावी लागते. मागच्या दिवाळीत तिनं आजीला मराठीत चिठ्ठी लिहिली, अक्षर सुंदर, फक्त एकाही शब्दावर वरची रेघ नाही. गुजरातीत रेघ नसते ना. आईनं ती चिठ्ठी देवघरात ठेवलीय आणि येईल त्याला दाखवते, बघा टोपी न घातलेली अक्षरं. आम्ही हसलो, पण महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे आणि अशी रेघ नसलेली पोरगी थेट नववीत नेऊन बसवायची तर तिचं वर्ष भाषेतच जाणार. गुजरातनंही २०२३ ला पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली. दोघांचंही मला पटतं. आपापली भाषा कुणी का सोडावी. पण दोन्हीच्या मध्ये राहणारी पोरं कुणी मोजलेली नाहीत एवढंच.

आणि जातीचा दाखला. आमची जात महाराष्ट्रात ओबीसीत आहे. सुरतेत एका ऑफिसात विचारलं तर म्हणाले तुम्ही मूळचे कुठले, तिकडून आणा. तिकडं गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला मुलीचा जन्म सुरतचा दिसतोय, तिकडं काढा. मी दोन्ही खिडक्यांवर शांतपणे उभा राहिलो, चिडून उपयोग नसतो. शेवटी एका ओळखीच्या निवृत्त तलाठी आबांनी सांगितलं की दाखला बापाच्या मूळ राज्यातून निघतो आणि फायदाही त्याच राज्यात मिळतो, परराज्यात गेलं की राज्याच्या आरक्षणाला तो चालत नाही. एससी-एसटीच्या बाबतीत तर सुप्रीम कोर्टानं १९९० मध्येच सांगितलंय की एका राज्यातलं दुसऱ्या राज्यात धरलं जाणार नाही. आणि महाराष्ट्रात ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख, त्याच्या आधी घराणं इथं राहत होतं याचा पुरावा लागतो.

मग पुरावा शोधणं. आजोबा ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीपर्यंत गेले तिथं गेलो. हेडमास्तरांनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, पानं पिवळी, कडा उंदरांनी खाल्लेल्या, आणि त्यात निळ्या शाईत आजोबांचं नाव, शाळेत आल्याची तारीख, आणि शाळा सोडल्याचं कारण, "ढोरे राखणे". मी तिथंच थोडा वेळ थांबलो. आजोबांनी ढोरं राखायला शाळा सोडली त्या नोंदीवर नातीच्या मुलीचं, चुकलो, नातवाच्या मुलीचं डॉक्टर होणं टांगलेलं. चार फेऱ्या, चार दिवसांची बिनपगारी रजा, पण दाखला निघाला. आणि तो निघाला तेव्हा कळलं की मुलगी सुरतलाच राहिली तर तो नुसता फाईलला लावायचा.

मागच्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, सुप्रीम कोर्टानं मेडिकलच्या पीजीला राज्यातल्या रहिवाशांसाठी राखीव जागा घटनाबाह्य ठरवल्या आणि म्हटलं की डोमिसाईल एकच असतं, भारताचं. वाचून बरं वाटलं. घटनेच्या १९ व्या कलमात देशात कुठंही राहा, कुठंही स्थायिक व्हा असंही लिहिलंय. पण एमबीबीएसचा राज्य कोटा आहे तसाच आहे, म्हणजे बापाला कुठंही स्थायिक व्हायचा हक्क आहे आणि मुलीनं दहावी कुठं केली यावर तिचा हिशोब.

तर आम्ही ठरवलं. डिंडोलीत फ्लॅट बुक केलाय, बायकोच्या नावावर. मुलगी गुजरातचीच होणार, ओपनमधून भांडेल. गावचे माझ्या वाट्याचे दोन बिघे विकायचे नाहीत हे मात्र वडिलांना शब्द दिलाय, एकदा सातबाऱ्यावरून नाव गेलं की महाराष्ट्रात परत शेती घेता येत नाही, शेतकरी असल्याचा पुरावाच राहत नाही. मुलगा चौथीत आहे, त्याचं अजून ठरवता येतं आणि त्याचीच आता मला जास्त भीती वाटते.

साहेब, तुम्हाला विनंती अशी की पुरवणीत पुढच्या वेळी ट्रॅफिक आणि हवेच्या जोडीला हे पण छापा, कोणत्या राज्यात कितवी कुठून झालेली लागते, दाखला कुठून निघतो, मानीव तारीख म्हणजे काय, आणि ते जूनमध्ये नाही, जानेवारी-फेब्रुवारीत छापा, शाळा बदलायचा विचार लोक तेव्हा करतात. आम्हाला हे कुणी मुलगी सहावीत असताना सांगितलं असतं तर कदाचित मी आज धुळ्याहून लिहीत असतो. आणि दुसरी विनंती शासनाला. कर्नाटकच्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांसाठी महाराष्ट्रानं प्रवेशात सवलत ठेवलीय, चांगलंच केलंय, आमची तेवढी मागणी नाही, सुरत काही वादातलं गाव नाही आणि आम्ही पोटासाठी आपणहून गेलो. पण नंदुरबारला किंवा नवापूरला एक अशी खिडकी असावी जिथं दोन्ही राज्यांचे नियम माहिती असलेला माणूस बसतो. एवढंच.

नवापूर म्हणालो कारण तिथलं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशन मास्तर गुजरातेत बसतो, आणि दोन राज्यांची नावं रंगवलेला एक बाक आहे. माझा मुलगा दरवेळी गाडी थांबली की खाली उतरून त्या बाकावर बरोबर मधोमध बसतो आणि मी शिट्टी व्हायच्या आत त्याला ओढून आणतो.

आपला,
एक खान्देशी वाचक, लिंबायत, सुरत