घर सोडलेल्यांकडून काय मागायचं?

प्रिय सुधा,

कित्येक महिने पत्र नाही, रागावली असशील. रागव, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

शनिवारी आमच्या वाचनगटात यियुन ली घेतली होती. बीजिंगची मुलगी, १९९६मध्ये इम्युनॉलॉजी शिकायला आयोवाला गेली आणि प्रयोगशाळा सोडून लेखिका झाली, तीही इंग्रजीतली. चिनी भाषा आपण ठरवून सोडली, असं तिनं २०१७मध्ये स्वच्छ लिहिलं. झालं! सगळे तुटून पडले. 'हिला मातीची ओढच नाही', 'आईची भाषा टाकवते कशी?' मी भांडले. घरी आल्यावरही डोक्यातून जाईना.

अगं, परदेशी गेलेल्या चिनी लेखकांकडून आपल्याला हवं तरी काय असतं? आजी, डंपलिंग आणि डोळ्यांत पाणी. तैवानात राहिलेल्या कवी यू ग्वांगझोंगची १९७२ची कविता घे: आधी टपालतिकीट, मग बोटीचं तिकीट, मग आईची कबर, शेवटी मधली सामुद्रधुनी. मीही दर वेळी गलबलते. पण तैवानमधून पलीकडे चीनमध्ये जायला १९८७पर्यंत बंदी होती. त्याची ओढ त्या बंद दारापाशी उभी आहे. तीच सगळ्यांकडून कशी मागायची?

दुसरा एक चिनी लेखक घे, त्याचं नाव ‘हा जिन’. तो १९८९मध्ये अमेरिकेत, बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात शिकत होता. बीजिंगमधला, तिआनमेन चौकातल्या आंदोलनावरचा गोळीबार त्यानं टीव्हीवर पाहिला आणि परतायचं नाही असं ठरवलं. कोवळ्या वयात ज्या सैन्यात तो भरती झाला, त्याच सैन्यानं लोकांवर गोळ्या झाडल्या. अशा माणसानं कशासाठी हळवं व्हायचं? परक्या भाषेत लिहिणाऱ्याला लोक द्रोही म्हणतात, हे तो टाळत नाही. तो उलट विचारतो, देश माणसाशी द्रोह करतो त्याचं काय?

आणि यियुन लीला ओढ नाही? २००९च्या तिच्या कादंबरीत १९७९चं एक चिनी गाव आहे, एका तरुणीच्या देहदंडाच्या दिवसापासून सुरू होणारं. त्या गावातला माणूस न् माणूस तिनं जवळून पाहिलाय. ज्याच्याशी नातं तुटलं, त्याच्याकडे कुणी इतकं टक लावून बघतं का? फक्त ते बघणं गोड नाही, आणि आपल्याला तेच खुपतं.

मॅक्सीन हाँग किंग्स्टन या चिनी-अमेरिकन लेखिकेवरून हॉस्टेलच्या गच्चीवर आपण हेच भांडलो होतो ना? तू तिच्यावर टीका करणाऱ्या लेखक फ्रँक चिनची बाजू घेतलीस. मुलान या लढवय्या मुलीच्या जुन्या गोष्टीत किंग्स्टननं युए फेई या सेनापतीच्या पाठीवरची अक्षरं आणली म्हणजे परंपरेत भेसळ, असं ओरडत तू माझी उशी खाली अंगणात भिरकावलीस! पण सुधा, कॅलिफोर्नियात, स्टॉक्टनला, आईबापांच्या लाँड्रीत वाढलेल्या पोरीला चीन मिळाला तो आईच्या तोंडून, गोष्टींत गोष्टी मिसळलेला. तिच्यापुरता चीन तोच. मी अजून हेच म्हणते, आणि उशी अजून तुझ्याकडे येणं आहे.

मला धास्ती वाटते ती आपल्या वाचण्याची. गाव आठवून रडला तर आपला, नाही रडला तर परका, अशी परीक्षा आपण घ्यायला लागलोय. परीक्षा घेणारे आपण कधी घर सोडून गेलेलो नाही. हे मला गटात नीट मांडता आलं नाही. तू असतीस तर विरोधात बोलली असतीस, पण पुस्तक वाचून बोलली असतीस.

माझं बीपी गोळीनं ठीक आहे. काकूंचा गुडघा कसा आहे? बाळूची बारावी? नव्या घराचा ताबा मिळाला का? मे महिन्यात येशील तेव्हा किंग्स्टनची तुझी प्रत आण. समासात तू पेन्सिलीनं काढलेली भांडणं मला गटात वाचून दाखवायची आहेत.

तुझी,
मेधा