2028 पर्यंत मी इथेच आहे

तीर्थरूप आई-बाबांस, सा. न.

फोनवर विषय काढला की आईचा आवाज बदलतो आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. चिलीतलं काम मी 2028 अखेरपर्यंत वाढवून घेतलंय. सहीही झाली. मामाला आधी कळवलं, ते हे पत्र वाचताना तुमच्याजवळ कुणी असावं म्हणून. रागावू नका.

कारण आयरिस. मंगळ आणि गुरूच्या मधला दगडी लघुग्रह, आडवा सुमारे 200 किलोमीटर, म्हणजे आपलं पुणे-नाशिक. त्याची कक्षा लांबट आहे, सूर्यापासून कधी 27 कोटी किलोमीटर तर कधी 44 कोटी. एका फेरीला 3 वर्षं 8 महिने लागतात. तीन फेऱ्यांची 11 वर्षं होतात, म्हणून 2017 च्या ऑक्टोबरात आला होता तसा तो 2028 च्या दिवाळीच्या सुमारास पुन्हा पृथ्वीच्या जवळ येईल. बाबा, त्याचा अक्ष जवळजवळ आडवा आहे. त्यामुळे दरवेळी वेगळी बाजू समोर येते, आणि सगळा आकार हवा तर पूर्ण फेरीभर बघावंच लागतं. आत्ता परतले तर अर्धंच हाती लागेल. तुमच्यापासून लांब राहायची हौस नाही हो मला.

स्वतःभोवती तो सात तासांत फिरतो, त्यामुळे लांब रात्री अख्खं वळण मिळतं. पडद्यावर नुसता ठिपका असतो. त्याचा उजेड मोजत बसायचं, आलेख हळूहळू चढतो, मग उतरतो, त्यावरूनच आकार काढायचा. तेव्हा गच्चीवरच्या गाद्या आठवतात, आणि तुमच्या दोघांच्या मधली माझी जागा.

जेवणाची काळजी नको. तांदूळ, मसूर, हरभरे सगळं मिळतं, भाजणी अर्धा डबा शिल्लक आहे. खोलीत हीटर आहे. डोंगरावर आईची शाल कोटाच्या आत असते. फक्त मऊ भात-मेतकूट तुझ्याच हातचं हवं गं.

आई, गुडघ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी लांबवू नकोस. येत्या जानेवारीतली तारीख घे, महिनाभराची रजा मंजूर झालीय, मी येतेय. बाबा, बीपीची गोळी वेळेवर, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. आयरिस 2028 च्या दिवाळीत साध्या बायनॉक्युलरमधूनही दिसेल, तुम्हाला गच्चीवर जायचंच आहे, ठाऊक आहे मला. तर आधी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घ्या. सुताराशी मामा बोललाय, पैसे मी पाठवलेत. नाही म्हणू नका.

तुमची,
चिमी