‘कशाला हवाय?’ असं विचारणाऱ्या तांदूळवाल्या काकांना

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानात आभार मानायची सोय नाही. मध्ये एकदा मी तसा प्रयत्न केला, तर काट्यावरची नजर न काढता तुम्ही “बरं, आणखी काय देऊ?” म्हणालात आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंना कोलमचा भाव सांगायला लागलात. म्हणून हे पत्र लिहितोय. उघड लिहितोय, कारण ज्यांना तुमच्यासारखा दुकानदार भेटलेला नाही त्यांनाही यातल्या काही गोष्टी उपयोगी पडतील.

तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही लातूरकडचे. आमच्याकडे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. भात यायचा तो शेवटी, ताकाबरोबर चार घास. तो पांढरा असला आणि शिजलेला असला की झालं. कुठला तांदूळ, नवा की जुना, हे घरात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. पुण्यात बिऱ्हाड केलं तेव्हा बायको आली चिपळूणची, आणि तिची नोकरी अशी की रात्रीचा स्वयंपाक माझ्या वाट्याला आला. माझा भात ती निमूट खायची, पण एकदा न राहवून म्हणाली, “हा शिजवलाय की उरकलाय?” मला राग आला नाही. शिजवण्यात आणि उरकण्यात फरक काय, हेच मला कळत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तुमच्याकडे आलो आणि “चांगला तांदूळ द्या, पाच किलो” म्हणालो. तुम्ही विचारलंत, “कशाला हवाय?” मी म्हटलं, “खायला.” तुम्ही हसलासुद्धा नाहीत. “ते कळलं हो. वरणाबरोबर, का मसालेभाताला, का खिचडीला? आणि घरात म्हातारं-लहान कोण आहे?” तांदूळ घेताना असे प्रश्न असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मग तुम्ही पोत्यांच्या दुमडलेल्या तोंडांतून एकेक मूठ काढून पुठ्ठ्यावर ठेवलीत. हा इंद्रायणी, नवा. हा आंबेमोहर, बुटका. हा वाडा कोलम, बारीक, दोन वर्षांचा. “हुंगा,” म्हणालात. कोलमला फारसा वास नव्हता. आंबेमोहराची मूठ तुम्ही आधी तळहातांत चोळलीत, तिच्यावर तोंडाची वाफ सोडलीत आणि मग माझ्या नाकापुढे धरलीत. आंब्याला मोहर आला की झाडाखालून जाताना येतो तो वास, कोरड्या तांदळातून.

“वास हवा असेल तर नवा घ्या, मोकळा हवा असेल तर जुना घ्या. दोन्ही एकाच पोत्यात मिळत नाही.” तुमचं हे वाक्य मी नंतर कितीजणांना ऐकवलं असेल. यामागचं कारण मी पुढे शोधून वाचलं, तेही सांगतो, तुम्हाला आवडेल. सुवासिक तांदळाला तो वास देणारं मुख्य द्रव्य म्हणजे २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलीन. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८२ साली ते शिजवलेल्या तांदळात ओळखलं. ते उडून जाणारं आहे, त्यामुळे तांदूळ जितका पडून राहील तितका त्याचा वास उणावतो. दुसरीकडे, साठवणीत दाणा आतून घट्ट होत जातो, शिजताना जास्त पाणी पितो, जास्त फुलतो आणि एकमेकांना कमी चिकटतो. म्हणजे तुम्ही पोत्यांकडे बघून जे सांगत होतात तेच प्रयोगशाळेत निघालं. गंमत म्हणजे हेच द्रव्य माझ्या सासुरवाडीच्या परसात वाढतं. तिथे एक लांबट हिरव्या पात्यांचं रोप आहे, त्याला ते बासमतीचं पान म्हणतात. साध्या भाताच्या आधणात त्याचं एक पातं गाठ मारून टाकतात, की भाताला वास येतो. मी ते रोप कुंडीत लावलंय. तुमच्या धंद्याला धोका नाही, कुंडीतलं रोप फार हळू वाढतं.

इंद्रायणीची गोष्टही तुमच्याकडूनच कळली. मी समजत होतो नदीच्या नावाचा कुठला तरी जुना गावठी तांदूळ असेल. तुम्ही म्हणालात, हा आंबेमोहराचा मुलगा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि जास्त उत्पन्न देणारी आयआर-८ ही जात यांचा संकर करून तो काढला आणि १९८७ साली शेतकऱ्यांना दिला. आंबेमोहराचं पीक उंच, वाऱ्यापावसात लोळणारं, उतारा कमी. मुलाने वासाचा बराचसा वारसा घेतला आणि उताराही वाढवला. आता मावळ-मुळशीत जिकडे तिकडे तोच. खरा आंबेमोहर त्यामुळेच महाग, आणि त्यामुळेच त्या नावाखाली बाहेरच्या राज्यांतला, दिसायला तसाच बारीक-बुटका तांदूळ विकला जातो. तुमच्या दुकानात त्याचंही पोतं आहे, पण पाटीवर तुम्ही त्याला आंबेमोहर म्हणत नाही. “दिसायला तसाच आहे, पण तो नव्हे,” असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगून स्वस्त तांदूळ विकणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

आता पाण्याचं. मी भांडं कुठलंही असो, तांदूळ कुठलाही असो, दुप्पट पाणी घालत असे. पाकिटांवर तसंच छापलेलं असतं. तुम्ही चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने आकडे लिहून दिलेत ते अजून डब्याच्या झाकणाला चिकटवलेले आहेत. नवा इंद्रायणी एक वाटी, तर पाणी पावणेदोन. जुना कोलम एक वाटी, तर सव्वादोन ते अडीच. कुकरमध्ये थोडं कमी, कारण वाफ फारशी बाहेर जात नाही. आणि खाली ठळक लिहिलंय, “पोतं बदललं की पहिल्या दिवशी अंदाज घ्या.” तांदूळ धुवायचा तो पाणी निवळेपर्यंत कुटून नव्हे, दोनदा, हलक्या हाताने, दाणा न मोडता. अर्धा तास निथळत ठेवायचा. शिजल्यावर गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण काढायचं नाही. ही शेवटची दहा मिनिटं मला सर्वांत जड गेली. आपण भुकेले, भाताचा वास घरभर, आणि झाकणाला हात लावायचा नाही. पण त्याच वेळात वरच्या आणि तळच्या दाण्यातलं पाणी सारखं होतं, आणि मग कालथ्याच्या कडेने उकरलं तर दाणा मोडत नाही.

एका बाबतीत आपलं पटत नाही, तेही लिहून टाकतो. तुमच्या मते कुकर म्हणजे भाताची विटंबना. मला ते मान्य नाही. रात्री साडेआठला घरी येऊन वरण, भाजी आणि भात करणाऱ्याला तुमच्या आधणाच्या पातेल्याचा थाट परवडत नाही. डाळ खाली, तांदूळ वरच्या डब्यात, तीन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. इंद्रायणीला तर कुकर मानवतोच. मऊ, किंचित आसट, वरणाला धरून राहणारा भात होतो. त्यावर लिंबू, साजूक तूप. इथे बासमती आणणाऱ्याला तुम्ही जो चेहरा करता तो मात्र योग्यच आहे. बासमतीचा सुटा दाणा वरणाला धरत नाही, ताटात वरण एकीकडे आणि भात दुसरीकडे.

मसालेभाताला मात्र मी तुमचं शब्दशः ऐकलं, पातेलं आणि सगळं. जुना कोलम घेतला. तेलात मोहरी, हिंग, तमालपत्र, चार लवंगा, मग उभी चिरलेली तोंडली आणि मटार. भाजी जरा वाफवली की निथळलेला तांदूळ, आणि तो परतायचा, घाई न करता, दाण्याचा रंग दुधी पांढरा होऊन कालथ्याला दाणे हलके वाटेपर्यंत. बायकोची रीत गोडा मसाला फोडणीतच टाकायची. तुम्ही म्हणालात, गोडा मसाला आधीच भाजलेल्या जिनसांचा असतो. त्यातलं खोबरं, तीळ, दगडफूल उकळत्या तेलात पडलं की करपतं आणि भात कडवट होतो. तांदूळ परतून झाल्यावर मसाला, लगेच मीठ, किंचित गूळ, आणि त्यावर उकळतं पाणी. गार पाणी घातलं तर दाण्याला धक्का बसतो, असं तुमचं म्हणणं. पाणी पडताक्षणी जो वास उठतो तो लग्नाच्या मांडवात मागच्या बाजूला, चुलवणाजवळ यायचा तोच. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आमच्या घरच्या रीतीपेक्षा हे बरंय.” चिपळूणच्या माणसाच्या तोंडून भाताबद्दल एवढं ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

त्या दिवाळीत वडील आले होते. त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्याच होत्या. त्यांनी पहिली भाकरी खाल्ली, मग मसालेभातावर ओलं खोबरं-कोथिंबीर पेरलेली बघून थोडा वाढून घेतला, तूप मागितलं, आणि पुढची भाकरी ताटाच्या कडेला तशीच राहिली. उठताना एवढंच म्हणाले, “हे तांदूळ कुठून आणतोस?” मी तुमचं दुकान सांगितलं. त्यांनी गावी जाताना पाच किलो नेला आणि फोनवर कळवलं की आईने तो नेहमीच्या सवयीने शिजवला, त्यामुळे पुढच्या खेपेला आकडे लिहून पाठव. तुमच्या चिठ्ठीचा फोटो आता लातूरच्या स्वयंपाकघरात आहे.

उरलेल्या भाताचंही तुमच्याकडून शिकलो. आधी आम्ही सकाळी भात बघायचो आणि कसाबसा संपवायचो. फोडणीच्या भाताला कोलमच, कारण गार झाला की त्यातलं पिठूळपण आवळतं, दाणे सुटे आणि ताठ होतात, आणि कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीत मोडत नाहीत. रात्री जेवणं आटोपली की ताटात पसरून लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवायचा, तासन्‌तास ओट्यावर राहू द्यायचा नाही. शिजलेल्या भातात जंतू वाढतात आणि पुन्हा गरम केल्याने त्यांनी सोडलेलं विष जात नाही. इंद्रायणी उरला तर दहीभात: भात कोमट असतानाच दुधात कालवून घ्यायचा, दही नंतर थोडंच, म्हणजे डब्यात दुपारपर्यंत आंबत नाही. तुम्ही मला चाळणीखाली साठलेली आंबेमोहराची कणी निम्म्या भावात देत असता, ते कुणाला सांगू नका. मुलीला ताप असला की तिचाच गुरगुट्या भात होतो, वर मेतकूट आणि तूप. एरवी एक चमचा खायला नाटकं करणारी पोर वाटी चाटून पुसून देते.

साठवणुकीचं एक सांगायचं राहिलंय. कोलम वर्षाचा भरून ठेवतो, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, त्याला काही होत नाही. पण आंबेमोहर तुम्ही कधीच दोन किलोच्या वर देत नाही. “संपला की या, वास तुमच्या डब्यात कोंडून काय करायचाय,” असं म्हणता. माणूस जास्त विकत घ्यायला तयार असताना हात आखडणारा व्यापारी बघून माझ्या ऑफिसातल्या विक्रीवाल्यांना झीट येईल.

असो. डिसेंबर तोंडावर आहे. आजऱ्याचा घनसाळ मी अजून खाल्लेला नाही. कोल्हापूरकडच्या या तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, एवढंच वाचलंय. या वर्षीचा माल आला तर दोन किलो बाजूला ठेवा. दोनच, मला माहीत आहे. पाणी किती घालायचं ते चिठ्ठीवर लिहा, आणि कशाला हवाय असं विचारलंत तर या वेळी उत्तर तयार आहे: दूध-गुळाबरोबर, बायकोच्या वाढदिवसाला.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपला,
लातूरकडचं गिऱ्हाईक