एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे

महोदय,

एचआयव्हीची लागण झालेल्या कुणालाही बातम्यांत सर्रास ‘एड्सग्रस्त’ म्हटले जाते. एचआयव्ही हा विषाणू. एड्स ही प्रतिकारशक्ती पार ढासळल्यानंतरची अवस्था. रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी दर घनमिलिमीटर रक्तात २०० च्या खाली गेल्या, की डॉक्टर एड्स म्हणतात. २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी, या विषाणूला आवर घालणारी एआरटी औषधे वेळेत सुरू करून नियमित घेणारे बहुतेक जण तिथवर पोचतच नाहीत. आमच्या गल्लीतल्या अशाच एका ताईंना केवळ ‘एड्सवाली’ या शब्दापायी भाड्याची खोली सोडावी लागली. २०१७ च्या कायद्याने अशा भेदभावाला मनाई केली, तरीही! ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ लिहायला दोन शब्द जास्त लागतात. कृपया लागू द्यावेत.

– एक वाचक, सांगली