चोरी होण्याआधी शिवारात फेरी मारा

महोदय,
हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारपंपाच्या केबल चोरीला जातात. मागच्या महिन्यात माझीही गेली. सकाळी धुऱ्यावर जळालेल्या रबराचा काळा डाग तेवढा दिसला. तांबं काढून चोर पसार. ठाण्यात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बरेच जण तक्रारच देत नाहीत.

११२ वर फोन केला की गाडी येते, पण घटना घडल्यावर. चोराला धाक असतो तो नेहमी दिसणाऱ्या पोलिसाचा. पूर्वी बीट जमादार, म्हणजे आमच्या गावांची जबाबदारी असलेले हवालदार, पारावर बसायचे, गावात नवीन कोण आलं ते पोलीस पाटलाला विचारायचे. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गावातली खबर ठाण्याला देण्याचं काम पोलीस पाटलावर सोपवलं आहे, पण ती घ्यायला कोणी गावात यायला हवं ना! बंदोबस्तात पोलीस किती पिळून निघतात, ते आम्हालाही दिसतं. तरी ज्या आठवड्यात पंपाची थ्री-फेज वीज रात्री असते, त्या आठवड्यात शिवारातून एक तरी फेरी व्हावी आणि तांबं घेणाऱ्या भंगारवाल्यांकडे चौकशी व्हावी, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ