सिक्वेन्सिंग शीक, पण एन्झाइम मोजायचं सोडू नकोस

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

"बाबा, आता जनुक वाचलं की सगळं कळतं, एन्झाइमची ॲक्टिव्हिटी, म्हणजे ते किती काम करतंय, ते मोजत कोण बसतं?" हे तुझं बोलणं डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी निम्मी नोकरी जी-सिक्स-पीडी या एकाच एन्झाइममागे गेली. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नाहीत. ऑक्सिडेशनच्या माऱ्यातून वाचायला लागणारं एनएडीपीएच हे रसायन तिला याच एन्झाइमच्या वाटेनं मिळतं. हे एन्झाइम कमी असलं तरी एरवी माणूस ठणठणीत असतो. व्हायवॅक्स मलेरियावर प्रायमाक्विन सुरू झालं की मात्र पेशी फुटायला लागतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. काही जणांनाच हे औषध का बाधतं, याचं उत्तर १९५६ साली शिकागोच्या संशोधकांना याच एन्झाइमपाशी सापडलं.

आता आपल्या सातपुड्यात बघ. धडगावकडचा पोरगा येतो, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन उतरलेलं. त्याच दिवशी एन्झाइम मोजलं तर ते चक्क नॉर्मल येऊ शकतं! जुन्या, एन्झाइम संपत आलेल्या पेशी आधीच फुटलेल्या असतात. मागे राहतात त्या कोवळ्या, आणि कोवळ्या पेशीत एन्झाइम जास्त. म्हणून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. तोवर ते घर गुजरातेत ऊसतोडीला गेलेलं असतं. अशा वेळी जनुकाची तपासणी खरंच कामाला येते, हे मला मान्य आहे.

पण मुलींचं काय? या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलींत एक्स दोन, आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू. या जनुकात सारखाच बदल असलेल्या दोन सख्ख्या बहिणी घे: एकीचं एन्झाइम जवळपास पुरेसं, दुसरीचं अगदी तळाला. जनुकाचा रिपोर्ट दोघींचा सारखाच. प्रायमाक्विन कुणाला द्यायचं, हे त्यावरून कसं ठरवशील? तिथं ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमधलं रक्त मे महिन्याच्या उन्हातून बर्फात सांभाळून आणावं लागतं, आणि ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीपीएचचं रीडिंग कसं चढतं ते बघत बसावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्या दुसरीचा जीव त्यावर असतो.

तेव्हा सिक्वेन्सिंग जरूर शीक. फक्त गाइड ठरवण्याआधी त्यांच्या लॅबमध्ये ताज्या रक्तावर एन्झाइमची अशी मोजणी होते का, ते स्वतः जाऊन बघ आणि मला कळव.

तुझे बाबा
धुळे